काळी गाडी: उन्हात दिसणारे गोल ओरखडे आणि गेलेली चमक

अपर्णा_नाशिक

नमस्कार मंडळी. आमच्याकडे काळी क्रेटा आहे. काळाच रंग हवा म्हणून हट्टाने थांबून घेतलेली. सावलीत अजून छान दिसते, पण उन्हात काढली की बॉनेटवर आणि दारांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे चमकतात. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली तर बघवत नाही.

सोसायटीत बोअरचं पाणी आहे. रोज सकाळी एक काका एका बादलीत पाच-सहा गाड्या पुसतात. टपावर पांढरे ठिपके पडलेत, ते धुऊन जात नाहीत. एका डिटेलिंगवाल्याने थेट सिरॅमिक कोटिंग सुचवलं, "नाइन एच आहे, ओरखडा पडणारच नाही" म्हणाला. दुसरा म्हणतो, रबिंग मारून देतो, दोन तासांत आरसा. कुणाचं ऐकू? आणि घरी मला स्वतःला काय करता येईल? मेहनतीची तयारी आहे.

घोडबंदरकर

ताई, सरळ कव्हर घाला. धूळच बसली नाही तर पुसायचा प्रश्नच मिटला. माझ्या काळ्या स्विफ्टला मी तेच करतो.

रंगकाम_कोल्हापूर

ताई, मी बॉडीशॉपमध्ये रंगाच्या बूथवर बरीच वर्षं काढलीत, आता फक्त पॉलिशची कामं घेतो. काळ्या गाड्या हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी कव्हरचं. गाडी धुतलेली, पूर्ण कोरडी आणि बंदिस्त जागेत असेल तर कव्हर चांगलंच. पण दिवसभर फिरून आलेल्या धुळकट गाडीवर कव्हर ओढलं, वर वाऱ्याने ते रात्रभर हलत राहिलं, की कव्हर आणि रंग यांच्यामध्ये ती धूळ घासत बसते. दाराच्या कडा आणि बॉनेटचे कोपरे तिथूनच पांढुरके होतात.

आता ओरखडे. ते गोल दिसतात म्हणून लोक म्हणतात, गोल गोल पुसल्यामुळे झाले. तसं नाही. ओरखडे सगळ्या दिशांनी पडलेले असतात, पण दिव्याभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ दिसतं. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून हळूहळू सरकवा, ते जाळं टॉर्चबरोबर सरकेल. पांढऱ्या गाडीवरही इतकेच ओरखडे असतात. पांढरा रंग सगळीकडून प्रकाश परत फेकतो, त्यात ते बुडून जातात. काळा रंग प्रकाश गिळतो आणि आपल्याला दिसतं ते फक्त वरच्या थराचं प्रतिबिंब. काळ्याची खोली म्हणतात ती हीच. वरचा थर सपाट असेल तर प्रतिबिंब धारदार, ओरखडे असतील तर राखाडी धूसर.

हा वरचा थर म्हणजे क्लिअर कोट, रंगावरचा पारदर्शक थर. कंपनीच्या सगळ्या रंगाची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट ४०-५० च्या आसपास. तुमचे ओरखडे बहुधा याच थरात आहेत, खाली काळ्या रंगापर्यंत गेलेले नाहीत. नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर पॉलिशने निघतील.

पण पॉलिश म्हणजे थर घासून सपाट करणं. दर वेळी थोडा क्लिअर कोट जातो आणि तो परत येत नाही. उन्हापासून रंगाला वाचवतो तोही हाच थर. म्हणून दोन तासांच्या रबिंगला माझा ठाम विरोध आहे. रोटरी बफर (एकाच अक्षावर गरगर फिरणारं यंत्र) आणि जाड कंपाउंड, म्हणजे खरखरीत घासणारी पेस्ट, मारलं की ओरखडे जातात, पण उन्हात बफरचे धुरकट पट्टे उमटतात. वर तेलकट, भरणारं पॉलिश चोपडलं की तेही झाकले जातात, आणि दोन-चार धुण्यांत सगळं उघडं पडतं. काळ्या गाडीला डीए पॉलिशर (पॅड फिरतानाच डगमगतं असं, रंगाला सौम्य यंत्र), मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश हवं. करणारा माणूस आधी मीटर लावून जाडी मोजतो का, आणि एका छोट्या चौकोनावर करून दाखवतो का, हे बघा. मोजत नसेल तर गाडी देऊ नका.

अपर्णा_नाशिक

दादा, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मग सिरॅमिकचं काय? आणि काकांना काय सांगू? त्यांचं पोट त्यावर आहे, काम बंद करायचं मनात नाही.

रंगकाम_कोल्हापूर

सिरॅमिक वाईट नाही. पाणी आणि चिखल चिकटत नाही, धुणं सोपं होतं, ऊन आणि पक्ष्यांच्या विष्ठेला थोडा प्रतिकार मिळतो. पण तो थर जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. आणि नाइन एच म्हणजे पेन्सिलच्या कडकपणाची मोजपट्टी आहे, नाइन एच पेन्सिलने ओरखडा उठत नाही एवढाच तिचा अर्थ. फडक्यात अडकलेली वाळू पेन्सिलपेक्षा फार कडक असते. शिवाय आधी पॉलिश न करता कोटिंग केलं तर आहेत ते ओरखडे त्याखाली कोंडले जातात. आणि बोअरच्या पाण्याचे ठिपके कोटिंगवरही पडतात, चांगलेच चिवट पडतात.

काकांचं काम बंद करूच नका, फक्त बदला. खरं नुकसान रोजच्या पुसण्यातच आहे. रोज त्यांनी काचा, आरसे आणि चाकं पुसावीत, रंगाला हात लावू नये. पत्र्यावरची धूळ चार दिवस राहिली तर काही बिघडत नाही, ती घासली तर बिघडतं. धूळ झाडायचा पिसाराही नको. आठवड्यातून एकदा तुम्ही दोघं मिळून नीट धुवा, पैसे तेवढेच द्या.

धुण्याची माझी पद्धत अशी. सकाळी किंवा संध्याकाळी, पत्रा थंड असताना. आधी नुसत्या पाण्याने भरपूर धुवून काढा, हात न लावता. मग दोन बादल्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट (हातमोज्यासारखा) शाम्पूत बुडवायचा, एक दार धुवायचं, साध्या पाण्यात खंगाळायचा, मग परत शाम्पू. बघाल, साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बारीक रेती बसते. एकच बादली असती तर ती सगळी पुढच्या दारावर गेली असती. टपापासून खाली यायचं, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, चाकांचं फडकं पूर्ण वेगळं. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर लावू नका, असलेलं वॅक्स उतरतं. शेवटी पाइपचं नोझल काढून मंद धार टपावरून सोडा, पाणी चादरीसारखं ओघळून जातं आणि पुसायला फार उरत नाही. मग जाड मायक्रोफायबर पसरून अलगद ओढून घ्या. बोअरचं पाणी पत्र्यावर वाळू द्यायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

टपावरचे ठिपके म्हणजे पाण्यातला चुना. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, त्यात कापड भिजवून ठिपक्यांवर एक-दोन मिनिटं ठेवा, सावलीत, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. तरी वळ राहिला तर तो थरात उतरलाय, तो पॉलिशनेच जाईल.

माझं ऐकाल तर क्रम असा ठेवा: आधी महिनाभर धुण्याची सवय बदला, मग एकदा चांगलं पॉलिश, मग त्यावर सीलंट (वॅक्ससारखा रंग जपणारा थर) किंवा बजेट असेल तर कोटिंग. सवय न बदलता पॉलिश केलंत तर दिवाळीपर्यंत जाळं परत हजर.

दोनापावलाकर

गोव्यातून थोडी भर. मायक्रोफायबर जमिनीवर पडलं की ते गाडीसाठी संपलं, फरशी पुसायला घ्या. धुताना फॅब्रिक कंडिशनर नको, धाग्यांवर थर बसतो आणि पाणी शोषत नाही. आणि आंब्याखाली गाडी लावत असाल तर चीक आणि कावळ्यांची घाण त्याच दिवशी काढा. ओलं कापड ठेवून भिजवायची, खरवडायची नाही.

अपर्णा_नाशिक

दोघांचे मनापासून आभार. काकांशी बोलले, ते खूशच झाले, बादल्या उपसण्याचं काम कमी झालं म्हणून. शेवटचा एक प्रश्न. दसऱ्याला सासूबाई गाडीची पूजा करतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूचा हार. नाही म्हणवत नाही मला.

रंगकाम_कोल्हापूर

नाही म्हणूच नका, आमच्याकडेही पॉलिशरपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. फक्त पूजेआधी गाडी धुतलेली हवी. कुंकू कोरडं बोटाने घासू नका, ओलं गंध करून समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढा, काचेला काही होत नाही. हळद पत्र्यावर पडली तर त्याच संध्याकाळी पाण्याने धुवून टाका. हाराला तार नसावी, सुती दोऱ्यात ओवून घ्या आणि ग्रिलला बांधा, बॉनेटवर लोंबता ठेवू नका. काढताना ओढायचा नाही. दोन्हीकडचा दोरा कात्रीने कापा आणि हार उचलून घ्या.