बेचाळिसाव्या वर्षी लेसरने नंबर घालवावा का? दोन तपासण्या, दोन निष्कर्ष

अक्षरवेडी

सप्रेम नमस्कार. माझे वय ४२ असून शाळेत असल्यापासून मला चष्मा आहे. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ४.७५ आणि डाव्याचा उणे ५.२५ असून गेल्या तीन वर्षांत त्यात बदल झालेला नाही. बाहेर जाताना मी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स घालते. मात्र अलीकडे पाच-सहा तासांनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, आणि शस्त्रक्रियेचा विचार प्रथम त्यामुळेच मनात आला.

माझे काम मुद्रितशोधनाचे आहे. रात्री लेन्स काढून, चष्माही न लावता, मी प्रुफे वीतभर अंतरावर धरून वाचते. अनुस्वार सुटला आहे की केवळ पुसट उमटला आहे, हे त्या अंतरावरून मला खात्रीने कळते.

पहिल्या ठिकाणी अर्ध्या तासात तपासणी आटोपून मला असे सांगण्यात आले की, कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाची, जाडी ५१२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) आहे, लॅसिकला, म्हणजे लेसरने नंबर काढण्याच्या शस्त्रक्रियेला, काहीच हरकत नाही, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्या ठिकाणी जाडी तेवढीच भरली, परंतु डाव्या डोळ्याच्या टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेच्या नकाशात, खालच्या भागाची वक्रता थोडी जास्त दिसते, तेव्हा तीन आठवडे लेन्स पूर्ण बंद ठेवून पुन्हा या, त्याआधी आम्ही काहीही सांगणार नाही, असे उत्तर मिळाले. दोन्ही वेळी मी आदल्या दिवसापर्यंत लेन्स वापरत होते. कोणावर विश्वास ठेवावा, आणि शस्त्रक्रियेनंतर माझे जवळचे वाचन कसे राहील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दृष्टिआड

मी नेत्रतपासणीच्या व्यवसायात आहे. तुमच्या डोळ्यांविषयीचा निर्णय ते प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच देतील. तरीही दुसऱ्या ठिकाणी तुम्हाला परत पाठवले गेले, ते योग्यच झाले असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी जाडीचा हिशेब पाहू. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा उचलतात. तो साधारण ११० मायक्रॉनचा असतो. त्याखालचे ऊतक लेसरने घडवले जाते आणि साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या भागासाठी दर डायॉप्टरला, म्हणजे नंबराच्या दर एककाला, सुमारे १४ मायक्रॉन खर्ची पडतात. तुमच्या डाव्या डोळ्यासाठी हे ७५ मायक्रॉनच्या आसपास जाते. ५१२ मधून दोन्ही वजा केल्यास खाली सव्वातीनशे मायक्रॉनचा थर उरतो. किमान २५० उरलेच पाहिजेत हा जुना दंडक आहे, बरेच शल्यचिकित्सक ३०० चा आग्रह धरतात, आणि या दोन्ही कसोट्यांना तुमचा कॉर्निया उतरतो. पहिल्या ठिकाणी एवढेच पाहिले गेले असावे.

परंतु जाडी पुरेशी असणे आणि कॉर्निया मुळात मजबूत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालचा भाग अधिक वक्र दिसणे ही केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या विकाराची, अगदी सुरुवातीची खूण असू शकते. अशा डोळ्यावर लॅसिक केले तर उरलेला थर डोळ्याच्या आतील दाबाने फुगत जाण्याचा धोका असतो, आणि एकदा काढलेले ऊतक परत बसवता येत नाही. दुसरी शक्यता पुष्कळ साधी आहे. रोजच्या लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा फसवा निघतो. या दोहोंपैकी खरे काय, हे लेन्स बंद ठेवून पुन्हा नकाशे काढल्याशिवाय कळत नाही. डोळे जोरात चोळण्याची सवय असेल किंवा घरात कोणाला केराटोकोनस असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा.

आता वाचनाविषयी. उणे ५ नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय वीस सेंटीमीटरवरचे अगदी विनासायास दिसते, कारण त्याचा दूरबिंदूच, म्हणजे स्पष्ट दिसण्याची सर्वांत दूरची जागाच, तेथे असते. नंबर शून्य झाला की ही सोय संपते, आणि बेचाळिसाव्या वर्षी तुमच्या चाळिशीची वेळ झालेलीच आहे. नंबर काढल्याने चाळिशी टळत नाही. आजवर ती तुमच्या नंबरामागे झाकलेली होती, एवढेच. वीतभर अंतरावरून वाचायचे असेल तर पुढे त्यासाठी बऱ्यापैकी जाड, अधिक (+) नंबरचा चष्मा लावावा लागेल.

याची प्रचिती शस्त्रक्रियेआधीच घेता येते. दूरचा पूर्ण नंबर असलेल्या लेन्स घालून आठवडाभर रोज थोडा वेळ प्रुफे वाचा. शस्त्रक्रियेनंतरचे जवळचे दिसणे जवळजवळ तसेच असेल. एक डोळा दूरसाठी ठेवून दुसऱ्यात उणे सव्वा-दीड नंबर राखण्याचा पर्यायही लेन्सनेच अजमावून पाहता येतो. हा प्रयोग आधी करा आणि तीन आठवड्यांची विश्रांती त्यानंतर सुरू करा. उलट केलेत तर ते दिवस पुन्हा मोजावे लागतील.

लेन्स खुपण्याविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. अश्रू कमी असतील तर लॅसिकने कोरडेपणा वाढतो, कारण पापुद्रा उचलताना कॉर्नियातील संवेदनतंतू कापले जातात. पापणीखाली कागदाची पट्टी ठेवून अश्रू मोजण्याची चाचणी झाली आहे का, हे अवश्य पाहा.

दूरचा डोंगर

माझे लॅसिक नऊ वर्षांपूर्वी झाले. तेव्हा मी ३८ वर्षांचा होतो आणि नंबर उणे ६ च्या जवळ होता. शस्त्रक्रियेला दोन्ही डोळे धरून पंधरा मिनिटेही लागली नाहीत. डोळ्यावर कडे बसवून ते हवा शोषून घट्ट धरतात, तेव्हा काही सेकंद समोरचे सर्व काळे होते. ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती, त्यामुळे मी फार घाबरलो. नंतर लेसरचा टकटक आवाज आणि केस जळल्यासारखा वास येतो. पुढे डॉक्टरांनी समजावले की त्यात जळत काही नाही; १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे ते अतिनील किरण ऊतकातील रेणूंचे बंधच तोडतात आणि आजूबाजूच्या भागाला उष्णता जवळजवळ पोहोचत नाही. हे आधी ठाऊक असते तर मी अधिक शांतपणे पडून राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांवरची प्लॅस्टिकची जाळीदार झाकणे काढली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मला दिसला. माझा हात सवयीने उशाशी चष्मा शोधत होता. तो क्षण मी आजही विसरलेलो नाही आणि शस्त्रक्रियेचा मला पश्चात्ताप नाही.

मात्र पुढचे आठ महिने मी तासातासाने कृत्रिम अश्रूंचे थेंब टाकत होतो, आणि पहाटे जाग आली की पापणी कॉर्नियाला चिकटल्यासारखी वाटे. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसत. अंधारात बाहुली मोठी होऊन लेसरने घडवलेल्या भागाच्या कडेपर्यंत पोहोचते, त्याचा हा परिणाम असतो. वर्षभरात ती वलये पुष्कळ फिकी झाली, पण पावसाळी रात्री अजूनही जाणवतात. पंचेचाळिसाव्या वर्षी चाळिशी लागली. माझ्याच वयाचा एक मित्र, ज्याचा उणे नंबर तसाच आहे, चष्मा कपाळावर सरकवून औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचतो आणि मला तेवढ्यासाठी चष्मा शोधावा लागतो. ज्यांचे पोट बारीक अक्षरांवर आहे त्यांनी हा भाग गांभीर्याने घ्यावा.

पाऊलखुणा

माझा कॉर्निया ४८० मायक्रॉनचा असल्यामुळे पापुद्रा न उचलता पीआरके, म्हणजे थेट पृष्ठभागावर लेसर वापरण्याची शस्त्रक्रिया, केले. पहिले तीन दिवस वेदना आणि पाणी इतके होते की खोलीत दिवा लावता येत नव्हता, आणि स्पष्ट दिसायला महिना लागला. आज दृष्टी उत्तम आहे.

दोन सूचना कराव्याशा वाटतात. नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते, म्हणून मागचा पडदा सुटण्याचा धोकाही कमी होत नाही; वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी चालू ठेवा, आणि अचानक ठिपके किंवा चमका दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुसरे म्हणजे शस्त्रक्रियेआधीची मापे कायम जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढताना ती उपयोगी पडतात. कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाबही प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो, त्यामुळे काचबिंदूची तपासणी करणाऱ्याला शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावेच लागते.

अक्षरवेडी

सर्वांचे मनापासून आभार. दृष्टिआड यांनी सुचवलेला प्रयोग मी आठ दिवस केला. मुख्य मजकूर दीड फुटावरून नीट वाचता आला, पण तळटीपांमध्ये मी अडखळले. एका पानावर "कठिण" आणि "कठीण" ही दोन्ही रूपे होती आणि पहिल्या वाचनात ती माझ्या नजरेतून निसटली. दुकानात मिळणारा अधिक दीडचा चष्मा लेन्सवर लावल्यावर ती दिसली. दोन डोळ्यांत वेगवेगळा नंबर ठेवून दोन दिवस पाहिले. संध्याकाळी डोके दुखू लागल्यामुळे तो पर्याय मी सोडला.

अश्रूंची चाचणी पहिल्या ठिकाणी झालीच नव्हती. दुसऱ्या ठिकाणी ती करून घेतली असता दोन्ही डोळ्यांत अश्रू कमी निघाले आणि पापण्यांच्या कडांना सूजही आढळली. त्यावर उपचार सुरू झाले असून लेन्स कालपासून बंद आहेत. तीन आठवड्यांनी नकाशे पुन्हा निघतील. ते निर्दोष आले तरी कोरडेपणा आटोक्यात येईपर्यंत शस्त्रक्रिया करायची नाही, असे मी डॉक्टरांशी बोलून ठरवले आहे. प्रुफे पूर्वीसारखी चष्म्याविना, वीतभर अंतरावरून वाचते आहे.