शब्दचर्चा: एपीआयच्या माहितीपत्रकात ‘अपडेट’ला काय म्हणावं?

विचारणा

सोलापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी मी माहितीपत्रकं लिहिते. सध्या बांधकाम व्यवस्थापनाच्या एपीआयचं (म्हणजे एका प्रणालीला दुसरीशी बोलता यावं यासाठीच्या सोयीचं) एक टूल हातात आहे. बाहेरच्या प्रणालीतून साइटची नोंद बदलायची, एवढंच त्याचं काम. प्रकल्प क्रमांक द्या, नोंद क्रमांक द्या, बदलायचे रकाने द्या. हे पत्रक प्रोग्रामर वाचतील, तसेच जुळे सोलापूर नि होटगी रोडच्या साइटवरचे इंजिनिअर आणि बिलं करणारेही वाचतील. मसुद्यात ‘अपडेट’साठी ‘अद्ययावत करा’ आहे. एका साइट इंजिनिअरने विचारलं, “मागच्या महिन्याची नोंद अद्ययावत कशी होईल?” त्याऐवजी ‘फेरफार’ चालेल का?

प्रतिसाद

ताई, इंजिनिअरचं म्हणणं रास्त आहे. अद्य यावत् म्हणजे आजपर्यंत. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ११ नुसार विकासकाला किती सदनिका नोंदवल्या गेल्या याची यादी दर तिमाहीला ताजी करावी लागते, तिथे ‘अद्ययावत’ चपखल बसतो. पण १२ तारखेच्या स्लॅबला चुकून ४१० पोती सिमेंट लिहिलं गेलं आणि आज त्याचे ४०१ केले, तर त्यात काहीच आजपर्यंत आलेलं नाही.

‘फेरफार’ शब्द सातबाऱ्यामुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गाव नमुना ६ ही फेरफारांचीच नोंदवही. जमीन विकली गेली, वारस लागले, म्हणजे प्रत्यक्षात काही बदललं की फेरफार होतो. लिहिण्यातच चूक झाली असेल तर जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १५५ खाली दुरुस्ती होते. जग बदललं म्हणून नोंद बदलणं वेगळं आणि नोंद चुकली म्हणून बदलणं वेगळं, हा भेद आपल्या महसुली भाषेत पक्का आहे. तुमच्या टूलला तो हवाच आहे. ‘काम चालू’चं ‘काम पूर्ण’ होणं ही दुरुस्ती नव्हे, ४१० चे ४०१ होणं ही दुरुस्ती.

तरी ‘फेरफार’ वापरू नका. जमिनीच्या कागदांबाहेर त्याला वाईट वास आहे. “मोजमापात फेरफार केला” म्हटलं की कुणीतरी लबाडी केली, असंच माणूस धरून चालतो. ठेकेदाराच्या बिलाशी जोडलेल्या टूलमध्ये हा शब्द बटणावर दिसला तर भांडणं लागतील. साधा ‘नोंदीत बदल करा’ ठेवा. टूलमध्ये कारणाचा रकाना असेल तर ‘दुरुस्ती’ आणि ‘प्रगती’ हे दोन पर्याय तिथे द्या.

प्रतिसाद

प्रोग्रामर म्हणून सांगतो, शब्द निवडून भागत नाही. ‘पुट’ आणि ‘पॅच’ या नोंद बदलायला सांगणाऱ्या दोन आज्ञा; दोन्हींना आपण ‘बदल’च म्हणणार, पण परिणाम फार वेगळे. ‘पॅच’ २०१० मध्ये आरएफसी ५७८९ या इंटरनेटच्या नियमपत्राने आला, तो नेमका थोडासाच भाग बदलता यावा म्हणून. पत्रकात पूर्ण वाक्य लिहा. ‘पॅच’ला: “तुम्ही पाठवलेले रकाने बदलतील, बाकीचे आहेत तसे राहतील.” ‘पुट’ला: “जुनी नोंद जाईल, पाठवलेली तिच्या जागी येईल.” हे वाचल्यावर कुणाला विचारावं लागत नाही.

यादी असलेल्या रकान्याला वेगळी सूचना हवी. तुमचं टूल जेसन मर्ज पॅच या बदल पाठवायच्या ठरावीक पद्धतीने (आरएफसी ७३९६) चालत असेल तर यादी अख्खी बदलते. साइटवर तीन गवंडी आहेत, चौथा आला म्हणून तुम्ही फक्त चौथ्याचं नाव पाठवलंत, तर नोंदीत चौथाच उरतो आणि आधीचे तिघे जातात. ही ओळ ठळक छापा.

प्रतिसाद

मी आयुष्यभर बिलं केली, म्हणून एका शब्दाचा आग्रह धरतो: निरंक. सरकारी तक्त्यात ‘निरंक’ लिहिलं म्हणजे पाहिलं, मोजलं आणि काही निघालं नाही. कोरा रकाना म्हणजे कुणी भरलाच नाही. तपासणीला आलेला माणूस या दोन्हींकडे सारख्या नजरेनं पाहत नाही.

प्रतिसाद

काका, हे फार मोलाचं आहे. एपीआयमध्ये याच्या तीन तऱ्हा होतात. रकाना पाठवलाच नाही तर त्यात आधी भरलेलं तसंच राहतं. ‘नल’ (म्हणजे ‘काहीच नाही’ ही खूण) पाठवला तर मर्ज पॅचच्या नियमाने भरलेलं निघून जातं. ० पाठवलं तर रकान्यात ० हा आकडा बसतो. मराठीत ‘वगळलेला’, ‘कोरा केलेला’ आणि ‘निरंक’. आजची मजुरांची हजेरी पावसामुळे निरंक असेल तर ० पाठवायचं. तिथे ‘नल’ गेला तर हजेरी घेतलीच नाही असं दिसेल, आणि मजुरीचा हिशेब तिथेच अडेल. या तिन्हींना ‘रिकामा’ हा एकच शब्द कुठेही वापरू नका.

विचारणा

तिन्ही शब्द घेतले, मनापासून आभार. ‘डिलीट’ राहिला. ‘खोडा’ लिहू का?

प्रतिसाद

नको. मोजमाप पुस्तिकेत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी तारखेसह आद्याक्षरी करायची. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. तुमच्या टूलमध्ये जुनी नोंद इतिहासात दिसत राहत असेल तर ‘नोंद रद्द करा’ लिहा. खरंच नाहीशी होत असेल तर ‘कायमची काढून टाका’ लिहा, आणि मोजमापाच्या नोंदींना ती सोय देऊ नका असं कंपनीला सांगा.