गरम चीज डिप: तुमच्याकडं पार्टीला कसं करताय? अनुभव लिहा

थंडी पडायला लागली, आता भिशी, वाढदिवस, गच्चीवरच्या पार्ट्या, 31 डिसेंबर, सगळं एकापाठोपाठ येतंय. आमच्या टिळकवाडीत हल्ली कुठंही जमलं की मधे चीज डिपचं भांडं असतंयच आणि पोरं तिथून हलत नाहीत. पण बेळगावच्या थंडीत गच्चीवर ठेवलं की थोड्या वेळात वर साय धरते, मग घट्ट होतं, मग कोण हात लावत नाही. रेसिपी कुठंही मिळते, पण शेवटचा पाहुणा येईपर्यंत ते गरम आणि मऊ ठेवायचं कसं हे कोण सांगत नाही, म्हणून हा धागा काढलाय. तुम्ही काय वापरता, कशात ठेवता, कशाबरोबर खाता, सगळं लिहा.

मी सुरुवात करते. 2 मोठे चमचे लोणी, त्यात 2 मोठे चमचे मैदा, मंद गॅसवर कच्चा वास जाईपर्यंत परतायचा पण रंग येऊ द्यायचा नाही, मग अर्धा लिटर कोमट दूध थोडं थोडं घालत ढवळत राहायचं. उकळी येऊन दाट झालं की गॅस बंद, आणि मगच 200 ग्रॅम किसलेलं चीज मूठमूठ घालायचं. गॅस चालू ठेवून उकळत्यात घातलं की चीजमधलं प्रोटीन आवळतं, तूप वर सुटतं आणि खाली रबरासारखे गोळे होतात. मीठ शेवटी चाखूनच, चीजमधे भरपूर असतंय. गॅसवर असताना जरा पातळच ठेवा, निवताना ते घट्ट होतंच.

वडगावची सून
ताई, चीज कुठलं घेता त्यावर पण लई अवलंबून हाय. आपले नेहमीचे प्रोसेस्ड क्यूब असतात ना, त्यात सायट्रेट नाहीतर फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात, त्यामुळं ते फाटत नाहीत, गुळगुळीत वितळतात. चेडरला चव भारी पण एकटं घातलं तर पटकन तूप सोडतं. मी निम्मं चेडर आणि निम्मे क्यूब घेते, क्यूबमधल्या क्षारांनी चेडर पण सांभाळलं जातं. नुसतं मोझरेला घालू नका, तारा येतात, बुडवलं की भांड्यापासून ताटलीपर्यंत लोंबतंय. आणि किसलेलं पाकीट न आणता घरी किसा, पाकिटातल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो.

अनगोळ, पीजीवाला
आमच्या रूमवर इंडक्शन हाय फक्त. ते एकदम कमीवर ठेवलं तरी चालू-बंद चालू-बंद करतंय आणि बुडाला लागतंय. म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी गरम करायचं, त्यात डिपचं छोटं पातेलं ठेवायचं, मॅच संपेपर्यंत मस्त राहतंय. मधेमधे एक चमचा गरम दूध घालून हलवायचं, थंड दूध नको. करंट गेला तरी पाणी लगेच निवत नाही हा मोठा फायदा. पनीर घालून स्वस्तात होतंय काय कोण सांगेल का?

वडगावची सून
नाही रे बाळा, पनीर वितळतच नाही. गरम दुधात आंबट घालून फाडलेलं असतंय ते, कितीही तापवलं तरी तुकडेच राहतात. क्यूबच आण.

खानापूरकर
मातीचं भांडं वापरून बघा की राव! आमच्या खानापूरला कुंभारकाम जुनं, खादी ग्रामोद्योगचं कुंभारकामाचं शिक्षण देणारं केंद्र पण इथंच हाय, त्यामुळं घरात मातीची भांडी असतातच. माती उशिरा तापते पण उशिरा निवते पण. स्वित्झर्लंडमधे फॉन्ड्यू करतात, म्हणजे वितळलेल्या चीजमधे ब्रेड बुडवून खातात, त्याचं पारंपरिक भांडं पण मातीचंच असतंय, खाली बारीक ज्योत ठेवतात. आम्ही तीन विटा मांडून मधे दोन चपट्या मेणबत्त्या लावतो, वर भांडं. डिप गॅसवर करून गरमच ओतायचं, भांडं आधी गरम पाण्यानं शेकून घ्यायचं नाहीतर तडकतंय. एक भांडं ह्यालाच वेगळं ठेवा, चीजचा वास मातीत मुरतो, मग त्यात आमटी करता येत नाही. फॉन्ड्यूत ते लोक व्हाईट वाईन घालतात, तिच्या आंबटपणानं चीज गुळगुळीत राहतंय. आमच्याकडं घरची मोठी माणसं असतात, मी थोडा लिंबाचा रस घालतो. थोडाच, जास्त झाला तर दूध फाटणार.

चिकोडीची अक्का
नाचोजवर कशाला पैसे घालवता, आपली कडक भाकरी काय वाईट हाय? ज्वारीची पातळ, तीळ लावलेली, चुलीवर कडक केलेली. बुडवली तरी मऊ पडत नाही, मोडून हातात येत नाही, आणि चीजच्या खारट चवीला ज्वारीची गोडसर चव लई जुळते. आमच्याकडं सगळ्या पार्टीत तीच संपते आधी. डिपवर मधोमध एक चमचा हिरव्या मिरचीचा खर्डा टाकायचा, ढवळायचा नाही, ज्याला तिखट पाहिजे तो तिथनं घेईल. वर शेंगाचटणी भुरभुरली की नातवंडं बोटं चाटतात. रंग पाहिजे असेल तर ब्याडगी मिरची भिजवून वाटून लोण्यातच परता, मैद्याच्या आधी, रंग तुपात उतरतो आणि तिखट फार होत नाही. संकेश्वरी घालणार असाल तर जपून.

कडोली रोड
अक्का खर्डा भारी! आमची रताळी पण घाला ह्या यादीत. बेळगाव तालुक्यात सिझनला ढीग पडतात, सालासकट भाजून फोडी करायच्या. उकडलेली नको, बुडवताना तुटतात. गाजर, फ्लॉवर अर्धवट वाफवून ठेवलं की डाएटवाल्या मावशीपण बसतात.

कॅम्पातनं
आमच्याकडं गोव्याचे पाहुणे आले की चोरिस, म्हणजे तिकडचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, येतंयच. ते बारीक कापून त्याच्याच तुपात कुरकुरीत करायचं आणि वेगळ्या वाटीत ठेवायचं. डिपमधे मिसळायचं नाही. शाकाहारी मंडळी त्याच भांड्यातनं खाणार असतात, त्यांना चमचा कुठला हे विचारत बसायला लागू नये.

शहापूर
हे वर लिहिलं ते फार बरं केलंत. आमच्या गल्लीत लिंगायत आणि जैन घरं बरीच आहेत. काही परदेशी चीजमधे दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतंय, म्हणून मी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घेते आणि पाकीट ओट्यावर ठेवते, ज्याला बघायचं त्यानं बघावं. जैन काकूंसाठी लसूण न घातलेली वाटी आधी काढून ठेवायची, त्यांना "थोडाच हाय हो" म्हणून आग्रह करू नये.

निपाणी, मंडळवाली
हळदीकुंकवाला चाळीस बायका असतात, तेव्हा मैदा परतत कोण बसणार? किसलेल्या चीजला कॉर्नफ्लोर चोळून ठेवायचा, 200 ग्रॅमला एक मोठा चमचा, आणि उकळून गॅस अगदी बारीक केलेल्या कपभर दुधात घालत जायचं, पाच मिनिटात तयार. सगळं एकदम करू नका, निम्मं बाहेर, निम्मं हॉटपॉटमधे, झाकण घट्ट. खाली गरम पाणी, मेणबत्ती काहीच नसेल तर दोन तासांवर बाहेर ठेवू नये, दुधाचं हाय शेवटी. उरलेलं लगेच फ्रीजमधे. दुसऱ्या दिवशी थोडं दूध घालून मंद गॅसवर हलवलं की परत सैल होतं, आमच्याकडं ते डोशावर पसरून वर कांदा घालतात. खानापूरकर, ते मातीचं भांडं दोन लिटरचं मिळतंय काय बाजारात? झाकणासकट पाहिजे.