मूत्रपिंड प्रत्यारोपण, बँकेचं काउंटर आणि कोरोना

प्रश्न (जुलै २०२०): ह्यांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय, तरी रोज काउंटरवर बसतात. काय काळजी घ्यावी?

उत्तर १: ताई, आधी काउंटर सोडवा. डॉक्टरांचं पत्र शाखाधिकाऱ्यांना द्या, आत, बाहेरची हवा येणाऱ्या खिडकीजवळची जागा मागा. प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका. शरीर मूत्रपिंड नाकारू शकतं.

उत्तर २: एन-९५ वापरत असतील तर दाढी काढायला लावा, नाहीतर कडेने हवा शिरते. मास्क धुवायचा नाही, त्यातला कण ओढून धरणारा विद्युतभार जातो. ५ मास्क, ५ कागदी पिशव्या ठेवा; रोज एक मास्क वापरून त्याच्या पिशवीत ठेवायचा, असे आळीपाळीने. डबा एकट्याने, उघड्यावर खावा. मास्क उतरतो तेव्हाच जास्त धोका.

उत्तर ३: ऑक्सिमीटर लावताना बोट गार नको. ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली टिकला तर लगेच रुग्णालय गाठा. तापाची वाट पाहू नका, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे तो दबू शकतो.