मदत हवी आहे: गावच्या रस्त्यावर खडीचे ओव्हरलोड डंपर

पारोळा तालुक्यातला जिल्हा परिषदेचा रस्ता. खडी क्रशरचे डंपर दिवसभर इथूनच महामार्गाला लागतात. साइडपट्ट्या खचल्या, फरशीपुलाचा कठडा गेला, कडेची कपाशी धुळीनं पांढरी. ताडपत्री कोणीच टाकत नाही.

ग्रामसभेचा ठराव झाला, तहसीलला अर्जही दिला. उत्तर एकच, 'वाहतूक पास आहे'. अहो, पास गौण खनिजाचा, वजनाचा थोडाच! ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20 हजार, वर जादा टनामागे 2 हजार दंड, हे माहीत आहे. क्रशर बंद करायचा नाही, गावातली पोरं तिथंच कामाला आहेत.

शाळेच्या वेळेत जड वाहनं रोखायची, तर त्याच कायद्याच्या कलम 115 चा प्रस्ताव आधी कोणाकडे द्यायचा, जिल्हाधिकारी की पोलीस अधीक्षक? आणि रस्तादुरुस्तीला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणबाधित गावांसाठीचा) निधी कोणी मिळवला असेल, तर भाऊ, कागद कोणते जोडले?