अ‍ॅन क्लूइडबाईंचं सगळं काम इराकमुळे पाण्यात गेलं का?

डोंगरपल्याड
मागच्या रविवारी पोरांना घेऊन हिरवाइनला गेलो होतो, ब्रिटनच्या साउथ वेल्समधे राहून बारा वर्षं झाली तरी तिकडं जाणं झालं नव्हतं. डोंगराच्या कुशीत टॉवर कोळसाखाण होती तिथं आता झिपलाइन आहे. पोरं तारेला लटकून किंचाळत खाली येतात, आणि त्याच जागी जमिनीखाली एक खासदार बाई सत्तावीस तास ठिय्या देऊन बसल्या होत्या हे पोरांना सांगितलं तर एकाने विचारलं, मग जेवल्या काय?

बाई म्हणजे अ‍ॅन क्लूइड, कनन व्हॅलीच्या लेबर खासदार. (वेल्शमधे डब्ल्यू हा स्वर असतो त्यामुळे नाव क्लूइड होतं, मी पहिली दोन वर्षं क्लविड म्हणायचो.) 1984 च्या पोटनिवडणुकीत निवडून आल्या त्या 2019 पर्यंत, म्हणजे 35 वर्षं. कोळशाच्या व्हॅलीजमधून निवडून आलेली पहिली बाई. एप्रिल 1994 मधे ब्रिटिश कोल, म्हणजे सरकारी कोळसा महामंडळ, टॉवर खाण बंद करायला निघालं तेव्हा त्या कामगारांबरोबर खाली गेल्या आणि वर यायलाच तयार नव्हत्या. पुढे 239 कामगारांनी नोकरी गेल्याचे मिळालेले पैसे, प्रत्येकी 8,000 पाउंड, घालून खाण विकत घेतली आणि 1995 पासून 2008 पर्यंत स्वतः चालवली. ते श्रेय अर्थात कामगारांचं, बाईंचं नाही.

2023 मधे बाई वारल्या तेव्हा ऑफिसात विषय निघाला तर दोघा तिघांना फक्त 'ती इराकवाली' एवढंच आठवत होतं, कारण 2003 च्या इराक युद्धाला त्यांनी पाठिंबा दिला होता. माझं मत असं की खासदाराचं काम सभागृहात आणि समितीच्या खोलीत काय केलं यावरून मोजावं, एका मतदानावरून नाही. आणि त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी फार कमी जणांकडे असते, त्या आकडे नाही मांडायच्या, माणूस मांडायच्या. कुणाशी बोलल्या, त्याने काय सांगितलं, ते जसंच्या तसं सभागृहात. तुम्हाला काय वाटतं?

चिंचपोकळी८२
पूर्ण असहमत. आणि 'एक मतदान' काय म्हणताय भाऊ, ते काय पार्किंगच्या दंडावरचं मतदान होतं का? 18 मार्च 2003 ला ब्रिटिश संसदेने 412 विरुद्ध 149 ने युद्धाला हो म्हटलं. त्याच दिवशी सकाळी द टाइम्समधे बाईंचा लेख, की सद्दामच्या तुरुंगात माणसांना प्लास्टिक दळायच्या यंत्रात घालतात. आधार एका साक्षीदाराच्या जबाबाचा. नंतर त्या यंत्राचा स्वतंत्र पुरावा कुणालाच देता आला नाही. तुम्ही ज्याला गुण म्हणताय ना, माणूस मांडणं, तोच इथं हत्यार झाला. आकडा खोटा निघाला तर कुणीतरी खोडून काढतं, दळणयंत्राची गोष्ट एकदा डोक्यात गेली की निघत नाही.

आणि जबाब गोळा करणारी इंडाइट (Indict) नावाची संस्था, जिच्या बाई अध्यक्ष होत्या, तिला अमेरिकन काँग्रेसकडून पैसे येत होते. ते का गाळलंत?

डोंगरपल्याड
गाळलं नाही, पहिल्याच पोस्टमधे किती लिहिणार. पण क्रम बघा ना. 1991 मधे कुर्द लोक बर्फात डोंगर चढून पळत होते तेव्हा बाई तिथं जाऊन आल्या आणि येऊन संसदेत बोलल्या. 1995 मधे तुर्कस्तानचं सैन्य इराकी कुर्दिस्तानात घुसलं, ते बघायला पक्षाची परवानगी न घेता गेल्या आणि पुढच्या बाकावरचं, म्हणजे पक्षाच्या प्रवक्त्याचं, पद घालवून बसल्या. त्याआधी 1988 मधे अण्वस्त्रांच्या खर्चावर व्हिप मोडला म्हणून एकदा पद गेलंच होतं. म्हणजे ही बाई तेव्हाचे लेबर पंतप्रधान ब्लेअर यांच्या तालावर नाचणारी नव्हती. इराकचं वेड तिला ब्लेअरने लावलं नाही, उलट बारा वर्षं ती ओरडत होती तेव्हा कुणी ऐकत नव्हतं.

आणि युद्धानंतर मानवी हक्कांची विशेष दूत म्हणून गेल्यावर अमेरिकन सैनिकांनी एका सत्तरीतल्या इराकी बाईला कैदेत छळल्याची तक्रार तिनेच लावून धरली. नुसतं समर्थन करायचं असतं तर गप्प बसली असती.

चिंचपोकळी८२
ब्लेअरच्या तालावर नाचली नाही हेच जास्त महागात पडलं की! तालावर नाचणाऱ्यांना कोण विचारत होतं. 26 फेब्रुवारीच्या चर्चेत ती उभी राहून म्हणाली की राजवट बदलायलाच हवी, हे मी न कचरता सांगते. सरकार तेव्हा सद्दामकडच्या महासंहारक शस्त्रांचं कारण सांगत होतं, राजवट बदल हे कारण म्हणून उघड मांडतही नव्हतं. काठावरच्या लेबर खासदारांना आयतं नैतिक कारण मिळालं, आणि ते दिलं कुणी तर डाव्या, युनियनवाल्या, खाणीत उतरलेल्या बाईने. तुमच्या त्या सत्तावीस तासांची पुण्याई तिथं खर्च झाली.

सिस्टर_माई
इराकमधलं मला फार कळत नाही पण मी इंग्लंडात नर्स आहे (मूळची इचलकरंजी) आणि आमच्यासाठी हे नाव वेगळ्याच कारणाने माहितीचं. ऑक्टोबर 2012 मधे त्यांचे मिस्टर कार्डिफच्या मोठ्या हॉस्पिटलात वारले. नंतर बाईंनी जाहीर सांगितलं की नवरा पिंजऱ्यातल्या कोंबडीसारखा मेला. रेडिओवर बोलताना त्यांना रडू आवरलं नव्हतं. लोकांची पत्रं यायला लागली. मग कॅमेरननी, म्हणजे विरोधी पक्षाच्या पंतप्रधानाने, त्यांना हॉस्पिटलातल्या तक्रारींची पाहणी करायला सांगितलं. 2,500 च्या वर पत्रं आणि ईमेल आले. त्यांनी एकट्याने नाही केलं, ट्रिशिया हार्ट म्हणून नर्सिंगमधून वर आलेल्या बाई बरोबर होत्या.

त्या रिपोर्टमधली एक शिफारस मला अजून आठवते, पेशंटच्या खाटेजवळ कागद आणि पेन ठेवा. इतकंच. आम्ही हसलो होतो तेव्हा, म्हटलं यासाठी समिती लागते? पण खरं सांगते, रात्रपाळीला म्हाताऱ्या पेशंटला काही सांगायचं असतं आणि सकाळी राउंडला डॉक्टर आले की ते विसरतात किंवा घाबरतात, कागदावर दोन ओळी असल्या तर निदान मुलगी आली की वाचते. हे ज्याला सुचलं तो कॉटशेजारी बसलेला असणार.

बारीकसारीक
माई, छान लिहिलंत पण एक गंमत सांगू का. ती पाहणी इंग्लंडच्या हॉस्पिटलांची होती. नवरा गेला वेल्समधे, आणि वेल्सचं आरोग्यखातं कार्डिफच्या सरकारकडे, तेही लेबरचं, बाईंच्याच पक्षाचं. म्हणजे स्वतःच्या घरची तक्रार जिथली तिथं त्यांच्या रिपोर्टचा काडीचा अधिकार नाही. त्यावरून तिथल्या सरकारशी जाहीर खटके उडाले ते वेगळेच, पक्षातल्या लोकांना वाटलं ही टोरींच्या, म्हणजे कॅमेरनच्या पक्षाच्या, हातात कोलीत देतेय.

रच्याकने चिंचपोकळी, तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा तुम्हीच सोडलात. 2016 मधे परराष्ट्र व्यवहार समितीचा लिबियावर रिपोर्ट आला, की 2011 मधे तिथं लष्करी कारवाई करताना नागरिकांना असलेला धोका फुगवून बघितला गेला, माहिती नीट तपासली नाही. बाई त्या समितीत सदस्य होत्या!! तेरा वर्षांनी तोच धडा, दुसऱ्या देशाच्या नावाने.

चिंचपोकळी८२
हे माहिती नव्हतं. धन्यवाद, वापरणार.

नुसताच_वाचक
एका ब्रिटिश खासदारावर एवढी शाई?? इथं आपले खासदार काय करतात ते बघा आधी.

डोंगरपल्याड
@नुसताच_वाचक, तेच तर बघायचंय. 2003 चा स्त्रियांच्या खतन्याविरुद्धचा कायदा या बाईंनी प्रायव्हेट मेंबर बिल म्हणून आणला. 1985 चा कायदा होता पण लोक मुलींना सुट्टीत परदेशी नेऊन करून आणायचे, ती पळवाट यात बंद केली आणि शिक्षा पाच वर्षांवरून चौदा वर्षांवर नेली. मंत्री नसलेल्या खासदाराचा कायदा! आपल्याकडं भारतात असा शेवटचा 1970 ला झाला, एकूण चौदाच. नाथ पैंसारख्या माणसाने गोलकनाथ निकालानंतर (संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा निकाल) 1967 मधे घटनादुरुस्तीचं बिल आणलं, देशभर चर्चा झाली, तेही पास नाही झालं.

बारीकसारीक
पण त्या 2003 च्या कायद्याखाली पहिली शिक्षा कधी झाली माहितीय? 2019. सोळा वर्षं एकही नाही. चर्चेत टाळ्या मिळाल्या, कायदा पुस्तकात गेला आणि बसला.

सिस्टर_माई
शिक्षा झाली नाही म्हणजे उपयोग नाही असं नसतं हो. बाळंतपणाच्या वॉर्डात आम्ही हा प्रश्न बिनदिक्कत विचारतो, कायदा आहे म्हणून. आणि भारतात बोहरा समाजातल्या बायका याच गोष्टीसाठी सुप्रीम कोर्टात भांडतायत, 2018 मधे प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे गेलं. आपल्याकडं याला वेगळा कायदाच नाही. त्यांना विचारा पुस्तकातला कायदा हवा का नको.

डोंगरपल्याड
माईंना +१. आणि चिंचपोकळींसाठी, तुमचं वाचून एक गोष्ट मान्य करतो, मघाशी मी उगाच ताणत होतो. टॉवरला त्या स्वतः खाली उतरल्या होत्या, कुर्दांच्या डोंगरावर स्वतः होत्या, हॉस्पिटलात स्वतः खुर्चीवर बसल्या होत्या, आणि पत्रं आली ती अडीच हजार, एकाचं दुसऱ्याशी ताडून बघता येत होतं. दळणयंत्राला त्या स्वतः साक्षीदार नव्हत्या आणि दुसरं पत्र आलंच नव्हतं. तरी तितक्याच खात्रीने बोलल्या. तिथं चूक झाली. पण खोटारडेपणा मी म्हणणार नाही.

चिंचपोकळी८२
मी पण खोटारडी म्हटलेलं नाही, वर जाऊन वाचा. खोटारडी असती तर सोपं होतं, तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

सिस्टर_माई
त्या मुलाला सांगितलंत का शेवटी, जेवल्या का ते?

डोंगरपल्याड
नाही हो, मलाच कुठं माहितीय. सँडविच खाल्ले असं ठोकून दिलं.

चिंचपोकळी८२
बघा, सुरुवात अशीच होते 😄