१९८५ सालची पद्मिनी: दुरुस्त करून ठेवावी की मागणाऱ्याच्या हवाली करावी?

प्रश्न: मांडवीपलीकडचा (म्हापसा)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझ्या घरामागच्या शेडमध्ये नोव्हेंबर १९८५ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मागच्या आठवड्यात, मृग लागण्याआधी शेडची साफसफाई करताना, चालकाच्या पायाखालची रबरी चटई उचलली तर खालची जमीन दिसली. पाच रुपयांच्या नाण्याएवढे भोक आणि त्याच्याभोवती पापुद्रे सुटलेला तांबूस पत्रा. स्क्रूड्रायव्हरचे टोक नुसते टेकवले, तर ते काहीही प्रतिकार न होता आत गेले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुण्याच्या एका संग्राहक गृहस्थांनी ही गाडी आहे त्या स्थितीत मागितली आहे आणि गणेश चवथीपर्यंत त्यांना उत्तर द्यायचे आहे.

मत मागण्यापूर्वी माझ्या वाहनांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पद्मिनी त्यांच्या साधारण मध्यावर येते. १९८१ साली पणजीला नोकरी लागली आणि चौथ्या पगारात मी एक वापरलेली जावा मोटारसायकल घेतली. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, मारून झाली की पुन्हा गिअर. पेट्रोलमध्ये ऑईल मापून मिसळावे लागे आणि माप चुकले तर दोन्ही सायलेन्सर पर्वरीच्या चढावर धूर ओकत. त्या जावेने मला यंत्राचा आवाज ऐकायला शिकवले. लग्नानंतर चेतक आली. तिची प्रतीक्षायादी लांबलचक होती, पण परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला स्कूटर लवकर मिळे आणि माझे मामा तारवटी, म्हणजे परदेशी जहाजांवर नोकरीला होते, म्हणून आम्हाला ती थोडक्या महिन्यांत मिळाली. चेतकविषयी तक्रार नाही. मात्र माझा जीव तिच्यात कधी फारसा गुंतला नाही.

पद्मिनी बाबांनी घेतली. घरातली ती पहिली मोटार. शोरूममधून ती थेट बोडगेश्वराच्या देवळापाशी नेली आणि नारळ फोडून मगच घरी आणली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर चार गिअर, पुढे सलग बाक, त्यामुळे आई, बाबा आणि मी असे तिघे पुढे बसू शकत होतो. क्रमांक गोवा, दमण आणि दीवच्या काळातला, ‘जीडी’ने सुरू होणारा, तोच आजही पाटीवर आहे.

गाडी येऊन आठ महिने होत होते, तेव्हा ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. म्हापशाहून पणजीला जाणाऱ्या आम्हा सर्वांचे जगणे त्या दिवसापासून बेतीच्या फेरीबोटीला बांधले गेले. मी आणि कचेरीतले तिघे सहकारी पेट्रोल वाटून घेऊन पद्मिनीने जात असू. भरतीच्या वेळी बोटीत चढणे सोपे होते. ओहोटीला मात्र धक्क्याचा शेवाळलेला खालचा भाग उघडा पडे, बोटीची फळी तिथे पाण्यातच टेके आणि पुढची चाके तिच्यावर चढताना खाडीचे खारे पाणी थेट पोटाखाली उडे. पावसाळ्यात वरून गोडे पाणी येई, त्यामुळे काही बिघडत नाही असे मला वाटे. पण हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तेच मीठ आत वाळून बसत होते, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही. १९९२ साली नवा पूल झाला तोपर्यंत असे किती फेरे झाले असतील, याचा हिशेब मी अलीकडे मांडायला बसलो आणि तीन हजारांच्या पुढे गेल्यावर थांबलो.

त्यानंतर १९९४ मध्ये मारुती ८००, २००१ मध्ये सँट्रो, २००८ मध्ये डिझेल स्विफ्ट आणि २०२१ मध्ये विजेवर चालणारी नेक्सॉन. सगळ्या चांगल्या गाड्या. पत्रादेवीपासून पोळेपर्यंतच्या आपल्या एवढ्याशा राज्यात विजेची गाडी तर फारच सोयीची. त्या एकेक करून आल्या आणि नेक्सॉन सोडली तर विकल्याही गेल्या. पद्मिनी मात्र कोणी विकली नाही. माझी दोन्ही मुले तिच्यावरच गाडी शिकली, आणि २००९ साली बाबांना शेवटचे दवाखान्यातून घरी आणले ते तिच्यातूनच, कारण सलग बाकावर त्यांना आडवे ठेवता येत होते.

आता मुले बंगळूरला आहेत आणि मी ६६ वर्षांचा आहे. गाडी महिन्यातून एकदा, कधी तेवढीही बाहेर निघत नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असा गंज खरोखर पक्का दुरुस्त होतो का? नोंदणीची मुदत येत्या नोव्हेंबरात संपते, तेव्हा कागदपत्रांचे काय करावे? आणि जी गाडी आपण चालवत नाही ती ठेवून घेणे योग्य आहे का?

उत्तर: पत्राकाम (फोंडा)

माननीय महोदय, आपला प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. माझ्या वडिलांचे गराज होते आणि मी स्वतः तिथे तीस वर्षे पत्र्याचे काम केले आहे, त्यात पद्मिनी पुष्कळ आल्या.

सर्वांत आधी एक गोष्ट समजून घ्यावी. या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसी, म्हणजे भार घेणारा खालचा सांगाडा, नसते. बॉडी हीच तिची चॅसी. दारांखाली दोन्ही बाजूंना ज्या पोकळ पेट्या लांबवर जातात, त्यांच्यावर आणि मधल्या तळावर सगळा भार असतो. त्यामुळे तळाला पडलेले भोक हे दिसायला वाईट, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न पेट्यांचा आहे. दारांच्या आणि पेट्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. आपल्याकडच्या तांबड्या मातीने ती बुजतात, पाणी आतच राहते आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेरून रंगाला फोड आलेला दिसतो, तेव्हा आतले काम बरेच आधी झालेले असते.

परीक्षा सोपी आहे. एका बाजूला जॅक लावून गाडी थोडी उचला आणि त्या बाजूची दोन्ही दारे उघडझाप करून पाहा. दार पूर्वीसारखेच बसले तर पेटी अजून भार घेते आहे. दार अडकू लागले किंवा वरची फट बदलली, तर पेटी गेली असे समजावे. त्यानंतर हलक्या हातोडीने पेटीवर ठोकत जा: धड पत्रा टणक वाजतो, कुजलेला बद्द वाजतो, आणि जिथे लांबी (पुट्टी) भरली आहे तिथे आवाज मेलेला येतो.

दुरुस्ती पक्की होते, पण पद्धतीने केली तरच. कुजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून काढावा लागतो. वरून पट्टी ठोकून लांबी भरणारा मेस्त्री स्वस्तात काम करील, पण तो पैसा दोन पावसाळ्यांत वाहून जाईल. गॅसच्या वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून मिग वेल्डिंग (आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेने होणारे विजेचे वेल्डिंग) असलेल्या ठिकाणीच जावे. एका वेळी एकच बाजू कापावी, आणि गाडी सपाट जमिनीवर चार ठिकाणी टेकू देऊन, दारे जागेवर ठेवूनच कापावी. नाहीतर बॉडी वाकते आणि मग दारे जन्मभर नीट बसत नाहीत. नंतर जस्तयुक्त प्रायमर आणि पेटीच्या आत मेणासारखा लेप. गंजावरून डांबरी अंडरकोटिंग मारू देऊ नका, कारण त्याखाली ओल अडकते आणि गंज दिसेनासा होऊन वाढत राहतो. हा अनर्थ मी स्वतःच्या हाताने लोकांच्या सांगण्यावरून केलेला आहे आणि त्याची आजही खंत वाटते.

एवढी विनंती नक्की ऐकावी: हे काम आता पावसात काढू नका. जून-जुलैच्या हवेत उघडा केलेला पत्रा काही तासांत पुन्हा तांबूस होतो. दसऱ्यानंतर सुरुवात करा. तोपर्यंत सगळ्या चटया आणि खालचे कापड काढून टाका, गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, तारेने ती छिद्रे मोकळी करा आणि गाडीवर प्लास्टिक अजिबात घालू नका. सुती आच्छादन पुरते.

उत्तर: सत्तरीची वाट (वाळपई)

दादा, वरील सल्ला पत्र्यासाठी योग्यच आहे. मी आपल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते, आणि माझे मत कदाचित आपल्याला आवडणार नाही.

कॉलेजात असताना माझ्याकडे लूना होती, नोकरी लागल्यावर १९९० साली कायनेटिक होंडा घेतली. बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली ती स्कूटर साडी नेसून चालवता येत होती. वाळपईहून साखळीला एकटीने जाणे-येणे तिच्यामुळेच शक्य झाले. पुढे कुळागरासाठी, म्हणजे सुपारीच्या बागेसाठी, घरात जीप आली आणि १९९७ मध्ये मारुती ८००. मारुती २०१२ साली गावातल्या एका तरुण शिक्षकाला दिली. कायनेटिक मात्र मायेपोटी ठेवून घेतली, कोठीच्या खोलीत, चादर घालून.

सात पावसाळ्यांनंतर चादर काढली. टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर झाला होता, कार्ब्युरेटरचे जेट बंद होते, पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता आणि वायरिंग उंदरांनी कुरतडले होते. आणि जी मारुती मी दिली होती, ती काल बाजारात भाजीवाल्यासमोर उभी होती, पुढच्या सीटवर त्या शिक्षकांची मुलगी बसलेली होती. ते दृश्य पाहून मला वाईट वाटले नाही, दादा, मन भरून आले.

म्हणून त्या पुण्याच्या गृहस्थांना किंमत विचारण्याआधी एवढेच विचारा की ते गाडी चालवणार आहेत की दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूसारखी मांडून ठेवणार आहेत. ते चालवणार असतील, आणि आपण महिन्यातून एकदाही काढणार नसाल, तर ती त्यांच्याकडे जाण्यातच तिचे भले आहे. आपण दर आठवड्याला काढणार असाल, तर मात्र कोणालाही देऊ नका.

उत्तर: निवृत्त अभियंता (मडगाव)

कागदपत्रांविषयी जे नक्की ठाऊक आहे तेवढे लिहितो. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी, गाडी तपासून, तिचे नूतनीकरण होते. हे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले होते, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते आणखी वाढले आहे, आणि उशीर झाल्यास मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा पडतात. तेव्हा दसऱ्याला काम सुरू करणार असाल तर नोव्हेंबरच्या तपासणीला ते पुरे होईल, असा मेस्त्रीकडून शब्द घ्यावा. व्हिंटेज नोंदणीचा मार्ग २०२१ च्या नियमांनी खुला झाला आहे, परंतु त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते; म्हणजे आपल्या गाडीला २०३५ पर्यंत थांबावे लागेल, आणि त्या नोंदणीवर रोजच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

गाडी पुण्याला गेली, तर ना हरकत दाखला घेऊन महाराष्ट्रात तिची नव्याने नोंदणी होईल आणि तिला तिथला क्रमांक मिळेल. आपला ‘जीडी’ क्रमांक इथेच संपेल. आपण त्याचा आवर्जून उल्लेख केला आहे, म्हणून ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी.

आणखी एक सूचना. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि त्या काळातल्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि इंधनपंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत, आणि उभ्या गाडीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये.

आपण नेहरू पुलाचा उल्लेख केलात. १९७० मध्ये सुरू झालेला तो पूल १६ वर्षांत पडला, त्याचे कारणही गंजच होते. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. तेव्हा मी पूल बांधणाऱ्या खात्यात नव्हतो, पण पुढे नोकरीभर तो धडा आम्हाला शिकवला गेला. पोकळीच्या आत काय चालले आहे ते उघडून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, एवढेच गाडीच्या बाबतीतही म्हणेन.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: मांडवीपलीकडचा (म्हापसा)

आपणा तिघांचा मी मनापासून ऋणी आहे. काल पावसाने उघडीप दिली, तेव्हा शेजारच्या मुलाला मदतीला घेऊन जॅक लावला. उजव्या बाजूची दोन्ही दारे पूर्वीसारखीच बसली. तळाला भोक असूनही पेटी टणक वाजते. डाव्या बाजूचे मागचे दार मात्र अडकले आणि त्याखालच्या पेटीचा हातभर भाग बद्द वाजला. तारेने छिद्र मोकळे केले तेव्हा आतून गाळ आला, आणि त्याबरोबर एक बारीकसा शिंपला. तो मी जपून ठेवला आहे.

सत्तरीच्या ताईंचे म्हणणे मनाला लागले. पुण्याच्या गृहस्थांना फोन करून ताईंनी सांगितलेला प्रश्न विचारला. गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितले की त्यांच्याकडे अशा अकरा गाड्या आहेत आणि त्या वर्षातून एकदा बाहेर निघतात. मी त्यांना नम्रपणे नकार कळवला.

डाव्या पेटीचे काम दसऱ्यानंतर मिग वेल्डिंगवर करायचे ठरले आहे; फोंड्याच्या मित्रांनी स्वतः येऊन पाहण्याचे खासगी संदेशात कबूल केले आहे. रबरी नळ्या या महिन्यातच बदलतो. आणि पाऊस नसेल त्या प्रत्येक रविवारी सकाळी सात वाजता गाडी काढून बेतीच्या धक्क्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, असे सौभाग्यवतींनी दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहे. फेरीबोटीत मात्र चढवणार नाही.